आई, तू नको म्हणतेस म्हणजे नेमकं काय म्हणतेस?

मावशी, नमस्कार.

आमचं घर मंडणगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. आमचे हे मुंबईला नोकरीला, गणपती-शिमग्याला आणि मध्ये कधीतरी येतात. घरात मी, सासूबाई आणि मुलगा. तो आता नववीत गेला. खाडीत आणि समुद्रात उतरायला मी त्याला सक्त मनाई केली आहे. आणखीही नियम आहेत, अकरा नियमांचा कागद फ्रीजवर लावलाय, फोटो पाठवते. गेल्या आठवड्यात कपडे भिजवताना त्याच्या पँटच्या खिशात मूठभर ओली वाळू निघाली. विचारलं तर म्हणाला, क्रिकेट खेळताना पडलो. केस खाऱ्या पाण्याने चिकट झाले होते. शेवटी कबूल केलं, कोळीवाड्यातल्या मित्राबरोबर दोन महिने खाडीत पोहतोय. मी सायकल काढून घेतली, त्या मित्राला घरात यायची बंदी केली आणि चार दिवस मुलाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "आई, तू नको म्हणतेस म्हणजे नेमकं काय म्हणतेस?" मला उत्तर सुचलं नाही. पुण्याची बहीण म्हणते, मुलांना नाही म्हणूच नये, नाही म्हटलं की तेच करतात. सासूबाई म्हणतात, मोठ्यांनी नको म्हटलं की विषय संपला, कारणं कसली द्यायची? मी कोणाचं ऐकू? माझ्या माहेरी माझा मामेभाऊ पोहायला गेला तो परत आला नाही. तेव्हा मी बारा वर्षांची होते. हे मुलाला माहीत नाही.

– एक आई

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या मुलाच्या प्रश्नाबद्दल. तो उद्धटपणा नाही. चार दिवस आई बोलत नाही आणि पाचव्या दिवशी मूल येऊन विचारतं की तुझ्या 'नको'चा अर्थ काय, तेव्हा त्याला तुमचं अजून ऐकायचं आहे. ज्याने ऐकायचं सोडलं ते पोर विचारत बसत नाही, पुढच्या वेळी खिसे झटकून घरी येतं.

फोटो मोठा करून तुमची यादी वाचली. पहिलं कलम, 'खाडीत, समुद्रात उतरायचं नाही.' चौथं, 'जेवताना मोबाइल नाही.' सहावं, 'ओल्या पायांनी माजघरात यायचं नाही.' अकरावं, 'उलट का म्हणून विचारायचं नाही.' सगळं एकाच निळ्या पेनाने, एकाच आकाराच्या अक्षरात. ओल्या पायांनी आत आलं तर लादी पुसावी लागते. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी उतरलं तर पोर हातचं जाऊ शकतं. तुमच्या कागदावर दोन्हींचं वजन सारखंच आहे. सहावं कलम मोडून काही होत नाही हे तो रोज बघतो. पहिलं मोडूनही काही होणार नाही असं त्याला वाटलं, यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

आता त्याचा प्रश्न. नको म्हणजे काय? आपल्या भाषेत या एका गोष्टीला कितीतरी शब्द आहेत. मनाई अरबीतून आली, बंदी फारसीतून, निषेध संस्कृतातून, आणि घरात आपण म्हणतो ते साधं 'नको'. निषेध म्हटलं की आज मोर्चा आणि काळ्या फिती आठवतात, पण मूळ अर्थ 'हे करू नये' एवढाच. करावं ते विधी, करू नये ते निषेध. तो जुना अर्थ बोलण्यात जिवंत राहिलाय तो एका वाक्यात, 'त्याला कसलाच विधिनिषेध नाही.' असं आपण कोणाबद्दल म्हणतो? ज्याला बाहेरून कोणी अडवलं नाही त्याच्याबद्दल नव्हे. कायदा, पोलीस, शेजारीपाजारी सगळे असतात, पण त्याच्या आत अडवणारं काही नसतं. मुलाला मनाई करायची ती यासाठी, की काही वर्षांनी आपण जवळ नसताना ती त्याच्या आतून बोलावी. गाण्यातला 'वर्ज्य' हा शब्द मला म्हणूनच फार आवडतो. भूप राग गाणारा मध्यम आणि निषाद लावत नाही. कोणी पहारा ठेवलेला नसतो. ते दोन स्वर आले तर भूप भूप राहत नाही हे त्याला कळलेलं असतं, म्हणून तो त्यांच्या वाटेला जात नाही. तुमच्या मुलाला ओहोटीची खाडी अशी वर्ज्य व्हायला हवी. त्यासाठी त्याला 'का' कळायला लागेल आणि ते विचारायलाच अकराव्या कलमाने बंदी आहे.

बहिणीचं म्हणणं मला पटत नाही. खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या आईला नाही म्हणावंच लागतं, आणि ठाम म्हणावं लागतं.

सासूबाईंच्या म्हणण्यावर मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण मी त्यातून गेले आहे. आमच्या घरामागे नारळी-पोफळीच्या आगरात बाव होती. चिऱ्यांचा कठडा, वर लाकडी रहाट. माझी आजी आम्हा पोरांना सारखी सांगायची, "दुपारचं बावीवर जाव नको, गिऱ्हा वढतो." गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत, ते बारा वाजता कठड्यावर येऊन बसतं अशी आमची खात्री. दुपारी त्या बाजूला आम्ही बघतसुद्धा नसू. मी दहा वर्षांची असताना रत्नागिरीला शिकायला असलेला माझा चुलतभाऊ सुट्टीत आला आणि त्याने शास्त्र सांगितलं, भूत वगैरे काही नसतं. मी त्याच दुपारी, सगळे आडवे झाल्यावर, बावीवर गेले. कठड्यावर चढले, पाय आत सोडले आणि गिऱ्ह्याला हाक मारली. पाण्यातून माझाच आवाज घुमून आला. मला भारी आनंद झाला. उतरायला म्हणून हात टेकला आणि हाताखालचा चिरा हलला. हलला आणि सुटलाच. मी रहाटाच्या खांबाला मिठी मारली. चिरा आत पडल्याचा आवाज जरा वेळाने आला, एवढी ती बाव खोल. गुडघा सोलवटला होता, पण रडू आलं ते संध्याकाळी. आजीला सांगितलं तेव्हा तिने मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "चिरा सुटलाय म्हणून तर सांगत व्हते गो."

तिला माहीत होतं. अख्खा उन्हाळा माहीत होतं. 'त्या बाजूचा चिरा सुटलाय, टेकू नको' एवढे शब्द तिने म्हटले असते तर शास्त्र शिकून आलेल्या भावालाही ते खोडता आले नसते. तिने भूत सांगितलं. भूत गेलं तशी तिची मनाईही गेली आणि सुटलेला चिरा तेवढा जागच्या जागी राहिला. आजीचा माझ्यावर जीव होता याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. पण त्या दिवसापासून तिने 'नको' म्हटलेली प्रत्येक गोष्ट मी एकदा करून बघितली. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा.

कारण सांगितल्याने मोठ्यांचा मान कमी होतो असं त्यांना वाटत असेल तर आपल्या कोकणातलंच उदाहरण सांगते. पावसाळ्यासाठी चिपळूणजवळ छावणी पडली होती, तेव्हा शिवाजी महाराजांनी तिथल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका हे त्यात आहेच. पण मला त्यातला दिव्याचा मजकूर थक्क करतो. रात्री दिवे तसेच ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात पळवील, वात गवतात पडेल, गवत पेटलं की वैरण जाईल, वैरण गेली की पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. ज्याच्या एका शब्दाने मान उडू शकते असा राजा उंदीर आणि वातीपर्यंत खाली उतरून कारण समजावतो. नुसती ताकीद दिली असती तरी चाललं असतं. पण रात्री दोन वाजता विझत आलेल्या दिव्यापाशी राजा नसतो, घोड्यांची निगा राखणारा एखादा झोपाळू मोतद्दार असतो. त्याला उंदीर आठवायला हवा. तुमचा मुलगा खाडीवर असतो तेव्हा तुम्ही तिथे नसता.

दुसरं, तुमच्या मनाईला शेवट नाही. चौदाव्या वर्षी नाही, पंधराव्या वर्षी नाही, मग कधी? आता थोड्या दिवसांत तुमच्या बंदरात यांत्रिक होड्या वर ओढल्या जातील. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. पोटावर येणारी बंदी आहे ही, भर दोन महिन्यांची. तरी ती पाळली जाते, कारण ती का आहे हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं. समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा अंडी घालायचा हंगाम तोच असतो. तिला माप आहे, बिगरयांत्रिक होडीला ती लागू नाही. आणि तिला शेवटची तारीख आहे. तुमच्या मुलाला सायकल कधी परत मिळणार हे माहीत आहे का? तो खोटं बोलला, त्याची शिक्षा म्हणून सायकल गेली, हे मला रास्त वाटतं. पण आज त्याला तारीख सांगा आणि त्या दिवशी न मागता किल्ली त्याच्या हातात द्या.

मित्राबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने नाही, आणि हे स्पष्टच लिहिते. खाडीत उतरू नको ही एका कृतीला मनाई झाली. त्या मुलाने घरात यायचं नाही ही एका माणसाला मनाई झाली. या दोन गोष्टी एक नव्हेत. वाळीत टाकणं म्हणजे काय हे आपल्या कोकणाला कोणी शिकवायला नको. पाणी बंद, बोलणं बंद, लग्नाकार्याला बोलावणं बंद. अशी इतकी घरं पोळली की शेवटी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा करावा लागला. तुमच्या मनात असं काही नसेल, मला ठाऊक आहे. पण तुमच्या मुलाने जे पाहिलं ते असं, की चूक दोघांची आणि दार बंद झालं ते कोळीवाड्यातल्या पोराला.

तुमच्याच तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव, आणि महाड तुमच्यापासून फार लांब नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तो मानला होता. तरी चवदार तळ्यावर मनाई होतीच. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं त्या पाण्याला शिवली. पुढे दहा वर्षं कोर्टात वाद चालला. ही पूर्वापार रूढी आहे, हे मनाई करणाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयानेही ते मान्य केलं नाही. हे इतकं मोठं उदाहरण तुमच्या घरच्या भांडणात का आणलं? कारण 'उलट का म्हणून विचारायचं नाही' हे कलम मला फार खुपलं. काही मनाया पाळायच्या असतात आणि काही मोडायच्या असतात, आणि कोणती कुठली हे ओळखायला माणसाजवळ तो एकच प्रश्न असतो. तुमच्या मुलाकडून तो काढून घेऊ नका.

त्या मित्राला घरी बोलवा, त्याच्या वडिलांनाही. त्या पोराला चालायच्या आधीपासून पाणी ठाऊक असणार. कदाचित हे दोन महिने तुमचा मुलगा त्याच्यामुळेच सुखरूप घरी येत होता.

आता तुमच्या पत्राची शेवटची ओळ.

ती तुम्ही सगळ्यांत शेवटी लिहिलीत, सही करायच्या अगदी आधी, जणू जाता जाता आठवली म्हणून. पण तुमची अख्खी यादी त्या ओळीतून निघाली आहे असं मला वाटतं. तुम्ही नको म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते त्याला माहीत नाही. त्याला फक्त तुमचा चढलेला आवाज ऐकू येतो. माझ्या आजीने सुटलेला चिरा लपवला, तुम्ही मामेभाऊ लपवलात. लहान वयात घाबरू नये म्हणून लपवला असेल, किंवा बोललं तर परत ते सगळं जागं होईल म्हणून. दोन्ही समजतं मला. पण त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे.

सांगा त्याला. अंगणात संध्याकाळी, दिवेलागणीआधी, दोघंच असताना. धाक म्हणून नको, 'बघ, असं होतं' असं म्हणून नको. त्याचं नाव सांगा, तो काय वयाचा होता, तुम्ही दोघं सुट्टीत काय खेळायचा, तो तुमच्या वाट्याचे आंबे पळवायचा का. त्या दिवशी निरोप घेऊन कोण आलं, तुमची आई तेव्हा काय करत होती. बारा वर्षांच्या मुलीला जे दिसलं तेवढंच सांगा. रडू आलं तर येऊ द्या. आणि मग म्हणा, मी नको म्हणते म्हणजे हे म्हणते.

त्यानंतर लगेच नवीन नियम करू नका, एखादा दिवस जाऊ द्या.

मग खाडी त्याच्यापासून लपवण्याऐवजी त्याच्या हातात द्या. हे धाडसाचं वाटेल. पण तुमच्याच तालुक्यातल्या वेळासला काय झालं ते आठवा. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 चा. कासवाची अंडी उकरणं गुन्हाच होता, तरी अंडी उकरली जात होती. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावकरीच पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधू लागले, अंडी जपून कुंपणात ठेवू लागले, पिल्लं पाण्यात सोडू लागले. ज्या गोष्टीला हात लावायची मनाई होती तिची राखण हातात आली, तेव्हा चित्र पालटलं.

तुमच्या मुलाला पोहायला येतं, हे आता झालेलं आहे. त्याला पाणी ओळखायला शिकू द्या. मित्राच्या वडिलांना विनंती करा, पाऊस सुरू व्हायच्या आधी चार-सहा संध्याकाळी त्यांच्या नजरेखाली, भरती चढत असताना, छातीइतक्याच पाण्यात. 'ओढ' कशी दिसते ते त्यांना दाखवायला सांगा. दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत, गढूळ दिसतो, फेस आत समुद्राकडे जात असतो. नवख्याला तोच पट्टा उतरायला सोपा वाटतो आणि घात तिथेच होतो. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, त्यात दम संपतो. तरंगत राहायचं, हात वर करायचा, किनाऱ्याला समांतर सरकत बाजूला यायचं आणि ओढ सुटली की मग बाहेर. हे त्याने तुम्हाला तोंडी समजावून सांगितलं पाहिजे, इतकं पक्कं हवं.

दोन गोष्टींवर मात्र कसलीही सूट नको. ओहोटी लागल्यावर खाडीच्या तोंडाशी पाय ठेवायचा नाही, कारण तेव्हा खाडीचं सगळं पाणी समुद्राकडे ओढलं जात असतं. आणि पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेपर्यंत, अजिबात नाही. नारळी पौर्णिमेनंतर काय करायचं ते त्या मित्राच्या वडिलांना विचारून तुम्ही तिघांनी बसून ठरवायचं. या दोन्हींची कारणं त्याला ठाऊक असतील, त्यामुळे या मनाया तुमच्या एकटीच्या राहणार नाहीत.

सासूबाईंकडेही एक काम द्या. त्यांच्या वेळच्या मुलींना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असायची. भरतीची वेळ काढायचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब तोच आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला आठ पाऊण सहा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत वेळ थोडी मागेपुढे होते, ती त्याने स्वतः काठावर उभं राहून ताडून बघायची. आजीने पाऊणकी शिकवायची, त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायची आणि रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवायच्या.

लिहायला फ्रीजवरचाच कागद घ्या, त्याची मागची बाजू कोरी असेल. उलटा करण्याआधी अकरावं कलम तेवढं त्याच्यासमोर खोडा.

– तुमची मावशी